रिपोर्टमध्ये 'सी' आला, म्हणून नर्सिंगचा फॉर्म फाडू नका



वर्षावास सुरू होण्याच्या आधीच्या रविवारी वंदना आटोपून मी विहाराच्या पायऱ्या उतरत होते. मागून हाक आली, "सिस्टर, जरा थांबता का?" रिटायर होऊन सहा वर्षे झाली, तरी वस्तीत माझे नाव सिस्टरच आहे. वळून बघते तर मायलेकी. आई चार घरची धुणीभांडी करते. मुलगी यंदा बारावी सायन्स पास झाली, बी.एस्सी. नर्सिंगची सीईटी दिली. मुलीच्या हातात प्लास्टिकची फाईल आणि डोळे रडून सुजलेले.

नर्सिंगच्या प्रवेशाला मेडिकल फिटनेसचे सर्टिफिकेट लागते. त्यासाठी रक्त तपासले आणि रिपोर्टमध्ये एका ओळीखाली लाल पेनाची रेघ आली : अँटी-एचसीव्ही रिॲक्टिव्ह. एका खासगी कॉलेजात चौकशीला गेल्या तेव्हा टेबलावरच्या माणसाने तो कागद दोन बोटांत धरून परत दिला. म्हणाला, "हिला नर्सिंगला घेत नाहीत. दुसरं काहीतरी बघा."

आईने मला तीन प्रश्न एका दमात विचारले. "हे एड्ससारखं असतं का? माझी पोर वाचंल ना? आणि लहानपणापासून सिस्टर व्हायचं म्हणते, ते आता गेलंच का?"

पायरीवर बसून त्यांना जे सांगितले तेच इथे सविस्तर लिहिते आहे. असा रिपोर्ट कपाटात दडवून गप्प बसलेली ही एकच मुलगी नसणार.

आधी रिपोर्ट नीट वाचू

हेपटायटिस म्हणजे लिव्हरला, यकृताला आलेली सूज. ती आणणारे विषाणू ए, बी, सी, डी, ई असे पाच. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आले की वस्तीत जी कावीळ पसरते ती बहुतेक ए किंवा ई ची. ती पाण्यातून, अन्नातून येते आणि बहुतेकांची काही आठवड्यांत बरी होते. (गरोदर बाईला मात्र ई ची कावीळ फार धोक्याची, तिला लगेच दवाखान्यात न्यावे.) बी आणि सी चा रस्ता वेगळा. ते रक्तातून येतात.

सी शरीरात शिरला तरी बहुतेकांना काही कळतच नाही. डोळे पिवळे होत नाहीत, ताप येत नाही, भूक जात नाही. माणूस कामाला जातो, मुली शाळेत जातात, आणि विषाणू लिव्हरमध्ये ठाण मांडून बसतो. सहा महिन्यांच्या पुढे तो टिकला की त्याला जुनाट, म्हणजे क्रॉनिक हेपटायटिस सी म्हणतात. अशा जुनाट आजारात शंभरातल्या १५ ते ३० जणांचे लिव्हर वीसेक वर्षांत आकसून घट्ट होते. त्याला सिरॉसिस म्हणतात. त्यातल्या काहींना पुढे लिव्हरचा कॅन्सर होतो. म्हणजे आजार साधा नाही. पण त्याला वेळ लागतो, आणि तो वेळ आपल्या हातात असतो.

आता ती लाल रेघ. अँटी-एचसीव्ही ही अँटीबॉडीची तपासणी आहे. विषाणूशी लढायला शरीराने जी प्रतिपिंडे तयार केली ती रक्तात दिसली, एवढाच तिचा अर्थ. घरात चोर शिरला होता याचा तो पंचनामा समजा. चोर अजून घरात आहे की पळाला, हे पंचनाम्यावरून कळत नाही. लागण झालेल्या शंभरातल्या १५ ते ४५ जणांच्या शरीरातून हा विषाणू सहा महिन्यांच्या आत औषधाशिवाय आपोआप निघून जातो. त्यांचीही अँटीबॉडी मात्र पॉझिटिव्हच राहते, बहुधा जन्मभर. विषाणू आज आहे का हे बघायला एचसीव्ही आरएनए ही दुसरी तपासणी करावी लागते. तिलाच व्हायरल लोड म्हणतात. टेबलावरच्या त्या माणसाने अर्ध्या रिपोर्टवर मुलीचे भविष्य ठरवून टाकले होते.

तिचा आरएनए रिपोर्ट आठवडाभराने आला. पॉझिटिव्ह. म्हणजे चोर घरातच होता.

आला कुठून?

हा प्रश्न घरात सगळ्यांच्या मनात येतो आणि कोणी मोठ्याने विचारत नाही. मुलीच्या चारित्र्याकडे बोट जाते म्हणून मीच आधी बोलले. शरीरसंबंधातून सी पसरण्याची शक्यता एरवी कमी असते. याचा मुख्य रस्ता सुई आणि रक्त हाच. ही मुलगी चार वर्षांची असताना टायफॉइडने आजारी होती. गल्लीतल्या एका डॉक्टरकडे दहा-बारा दिवस इंजेक्शने चालू होती. तो ट्रेमध्ये तीच सिरिंज ठेवायचा, हे आईला अजून आठवते. तिथूनच आला असेल असे मी छातीठोक सांगू शकत नाही, पण असे घडते. २००९ साली गुजरातमध्ये मोडासा भागात वापरलेल्या सुया पुन्हा वापरल्यामुळे हेपटायटिस बी ची मोठी साथ आली आणि अनेक माणसे दगावली. आपल्या वस्तीत अजूनही "सुई टोचली तरच डॉक्टर चांगला" असे म्हणणारे लोक आहेत. गोळीने भागत असेल तर सुई मागू नका. टोचायचीच असेल तर पाकीट डोळ्यांसमोर फोडायला सांगा.

दुसरा रस्ता रक्त चढवण्याचा. रक्तपेढीत आता प्रत्येक पिशवीची सी साठी तपासणी सक्तीची आहे, पण या शतकाच्या सुरुवातीपर्यंत तशी सक्ती नव्हती. विदर्भात आपल्या समाजात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. ज्यांना वारंवार रक्त चढवले गेले आहे, त्यांनी एकदा सी ची तपासणी करून घ्यावी. डायलिसिसवर असलेल्यांनीही. सफाईचे काम करणारे आपले बांधव कचऱ्यात हात घालतात आणि दवाखान्याची सुई बोटात घुसते, त्यांनीही.

आणि टॅटू. १४ एप्रिलला, ६ डिसेंबरला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला रस्त्याकडेच्या स्टॉलवर पोरे रांगेने हातावर गोंदवून घेतात. गोंदवू नका असे मी म्हणत नाही. पण सुई नवी आहे का आणि शाईची वाटी प्रत्येकाला वेगळी आहे का, हे विचारा. वीस जणांना एकच वाटी असेल तर तिथून निघा. न्हाव्याकडे ब्लेड नवे मागतो, तसेच हे.

कशातून येत नाही तेही सांगते, कारण घरात त्या मुलीचे ताट वेगळे झाले होते. आजीने केले होते, मायेपोटीच, पण केले होते. एका ताटात जेवल्याने, एक पेला वापरल्याने, मिठी मारल्याने, शिंकल्याने, एकाच संडासात गेल्याने सी पसरत नाही. आईच्या दुधातून जात नाही. स्तनाग्रांना भेगा पडून रक्त येत असेल तर तेवढे दिवस थांबावे. रक्त लागू शकते अशा वस्तू मात्र ज्याच्या त्याच्याच असाव्यात : दाढीचे ब्लेड, टूथब्रश, नेलकटर. जखम झाली तर पट्टीने झाकावी. बस्स.

औषध आहे, आणि फुकट आहे

मी नोकरीत होते तेव्हा सी चा पेशंट म्हटले की पोटात गोळा यायचा. इंटरफेरॉनची इंजेक्शने चोवीस ते अठ्ठेचाळीस आठवडे चालायची. ताप, केस गळणे, मन खचणे, आणि एवढे सोसून निम्म्याच पेशंटना गुण यायचा. औषधाचा खर्च ऐकून माणसे पुन्हा फिरकायची नाहीत.

आता चित्र पालटले आहे. २०१३ च्या शेवटी अमेरिकेत सोफॉसबुविर नावाची गोळी आली. तिची किंमत तिथे एका गोळीला हजार डॉलर होती, बारा आठवड्यांना ८४ हजार डॉलर. २०१४ साली भारतीय कंपन्यांना ती बनवण्याचा परवाना मिळाला आणि किंमत कोसळली. आपल्या देशात २८ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय व्हायरल हेपटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्यात तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहे. सिरॉसिस नसेल तर सोफॉसबुविर आणि डॅक्लाटासविर अशा गोळ्या रोज एकदा, बारा आठवडे. सिरॉसिस असेल तर गोळ्यांची जोडी बदलते, कधी मुदतही वाढते. गोळ्या पूर्ण करणाऱ्या शंभरातल्या ९५ हून जास्त जणांचा विषाणू कायमचा जातो. नुसता दबून राहत नाही, जातो. एचआयव्हीच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात, याच्या नाहीत. आईच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर हे.

जायचे कुठे? जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी मेडिकल कॉलेजच्या मेडिसिन ओपीडीत. "हेपटायटिसचे उपचार केंद्र कुठे आहे" असे विचारा. तिथे व्हायरल लोड, लिव्हर आणि किडनीच्या रक्ततपासण्या, सोनोग्राफी होते. बी आहे का तेही बघतात, कारण सी वरचे औषध सुरू केल्यावर दबलेला बी उसळू शकतो. एका फेरीत काम होत नाही. कागद, रांगा, "साहेब आज नाहीत", हे सगळे होणार. मी त्या मुलीसोबत दोनदा गेले, तिसऱ्यांदा ती एकटी गेली.

डॉक्टरांना न लपवता सांगायच्या दोन गोष्टी. टीबीची औषधे चालू असतील तर सांगा, कारण त्यातल्या रिफॅम्पिसिनमुळे या गोळ्यांचा जोर उतरतो. दिवस गेले असतील किंवा जाण्याची शक्यता असेल तरी सांगा. गरोदरपणात हे औषध सहसा देत नाहीत, बाळंतपणानंतर देतात.

काविळीची माळ, चुन्याच्या पाण्यात हात धुऊन "कावीळ उतरवणे", हे सी ला काही करत नाही. चुन्याच्या पाण्यात आंब्याची साल चोळली की पाणी पिवळे होणारच, त्याला आजार कशाला हवा? काढ्यांचेही तेच. गुळवेलीच्या काढ्यानंतर लिव्हरला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली केली आहे. आधीच सुजलेल्या लिव्हरवर प्रयोग नकोत. दारू तर नकोच, थेंबभरही.

मग नर्सिंगचे काय?

भीती अशी असते की सिस्टरच्या अंगातला विषाणू पेशंटला लागेल. पण तो लागायला सिस्टरचे रक्त पेशंटच्या रक्तात जावे लागते. बीपी घेणे, औषधे देणे, सलाईन लावणे, इंजेक्शन देणे, ड्रेसिंग, कॅथेटर, बाळाला अंघोळ घालणे यात सिस्टरचे रक्त पेशंटच्या अंगात जाण्याचा संबंध येत नाही. जगात जिथे जिथे याचा कसून विचार झाला तिथे रेघ एकाच जागी मारलेली दिसते. पेशंटच्या उघड्या शरीरात, हाडाच्या किंवा सुईच्या टोकाजवळ, बोटे दिसत नसताना हात घालून करायची कामे तेवढी थांबवतात. ही कामे मुख्यतः सर्जनची. ब्रिटनमध्ये नियम असाच आहे : रक्तात विषाणू असलेल्या कर्मचाऱ्याला फक्त अशी कामे बंद. उपचार होऊन विषाणू गेल्याचे सिद्ध झाले की तीही पुन्हा खुली. नर्सिंगमध्ये त्या रेघेजवळ येणारे काम म्हणजे बाळंतपणानंतर आत टाके घालणे वगैरे. शिकाऊ मुलीच्या वाट्याला ते पहिल्या वर्षी येतही नाही.

उलटा धोका मात्र रोजचा आहे. पेशंटकडून सिस्टरला. मला स्वतःला नोकरीत तीनदा सुई टोचली, तिन्ही वेळा टोपण परत घालताना. सी असलेल्या पेशंटची सुई टोचली तर लागण होण्याची शक्यता पूर्वी १.८ टक्के धरत, नंतरच्या पाहण्यांत ती ०.२ टक्के इतकी कमी दिसली. बी ची त्याहून कितीतरी जास्त. बी ला लस आहे, सी ला नाही. म्हणून नर्सिंगला जाणाऱ्या प्रत्येक मुलीने हेपटायटिस बी चे तीन डोस (पहिला, मग एक महिन्याने, मग सहा महिन्यांनी) आधीच घ्यावेत. आधीच सी असलेल्या मुलीने तर नक्की घ्यावेत, दुखऱ्या लिव्हरवर बी चा घाव नको. वापरलेल्या सुईला टोपण लावू नये, ती थेट पांढऱ्या टणक डब्यात टाकावी. टोचलीच तर साबण-पाण्याने धुवावी. पिळू नये, तोंडात घालू नये, ब्लीच लावू नये. लगेच इन्चार्ज सिस्टरला सांगून नोंद करून घ्यावी. "ओरडतील" म्हणून लपवणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. नोंद नसेल तर उद्या लागण झाली तरी ती ड्युटीवर झाली हे सिद्ध करता येत नाही.

हे शेवटचे बरी झालेल्या मुलीने विशेष लक्षात ठेवावे. सी एकदा जाऊन पुन्हा लागू शकतो. गोवरासारखे आयुष्यभराचे संरक्षण त्यात नाही.

आता प्रवेश. भारतीय नर्सिंग परिषदेची अट एवढीच की विद्यार्थी वैद्यकीयदृष्ट्या फिट असावा. फिट आहे की नाही ते डॉक्टर ठरवतो, टेबलावरचा माणूस नाही. चालते-फिरते, लिव्हरचे काम नीट असलेली, उपचार सुरू असलेली अठरा वर्षांची मुलगी फिट नाही असे म्हणायला वैद्यकीय कारण लागेल. कोणी तोंडी नाही म्हटले तर शांतपणे म्हणावे, "कोणत्या नियमाखाली नाकारता ते लेखी द्या." माझा अनुभव असा की लेखी मागितले की आवाज खाली येतो. तरी नाहीच ऐकले तर तो कागद घेऊन सीईटी सेल आणि नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ यांच्याकडे अर्ज करता येतो.

कायद्याचे खरे सांगायचे तर एचआयव्ही असलेल्यांना शिक्षणात आणि नोकरीत डावलू नये म्हणून २०१७ चा खास कायदा आहे. हेपटायटिस सी च्या नावाने तसा कायदा नाही. सरकारी कॉलेज आणि सरकारी नोकरीत संविधानाची कलमे १४ आणि १६ आहेतच. खासगी ठिकाणी झगडा जास्त.

सांगावे की लपवावे? आईचे म्हणणे होते, "दुसऱ्या लॅबमध्ये दुसरीचं रक्त देऊ." असे करू नका. उघडे पडले तर आजारासाठी नाही, खोटेपणासाठी काढतील. फॉर्ममध्ये विचारले असेल तर खरे लिहा आणि सोबत उपचाराचा कागद जोडा. पण ज्यांना कळण्याचे काम नाही त्यांना सांगण्याचेही काम नाही. होस्टेलच्या मैत्रिणी, वर्गशिक्षिका, गल्ली, कोणालाही नाही. फिटनेस देणारा डॉक्टर आणि उपचार करणारा डॉक्टर, एवढे पुरे.

फाईल मात्र जन्मभर जपा : पहिला आरएनए रिपोर्ट, उपचाराचे कार्ड, आणि गोळ्या संपल्यावर बारा आठवड्यांनी केलेला आरएनए रिपोर्ट. त्यात विषाणू नाही असे आले की आजार बरा झाला. पण अँटीबॉडी पॉझिटिव्हच राहणार, आणि प्रत्येक नव्या नोकरीत कोणीतरी पुन्हा लाल रेघ मारणार. तेव्हा उत्तर त्या तिसऱ्या कागदात असते. दोन-तीन झेरॉक्स काढून ठेवा, मोबाईलमध्ये फोटोही ठेवा.

आखाती देशांत जायचे स्वप्न असेल तर एक इशारा. तिथल्या व्हिसाच्या वैद्यकीय तपासणीत बी आणि सी दोन्ही बघतात, आणि पॉझिटिव्ह आले की नाकारतात. एजंटच्या हातात पैसे ठेवण्याआधी आपला रिपोर्ट दाखवून लेखी विचारा. दागिने गहाण टाकून गेलेली आणि तपासणीतच परत आलेली मुलगी मला माहीत आहे.

सध्या

मुलीला यादीत दुसऱ्या कॉलेजात जागा मिळाली. बारावीला सायन्स नसते तर जीएनएमचा मार्ग होताच, तिथे कोणतीही शाखा चालते. पण तिला बी.एस्सी.च करायचे होते. जातीच्या दाखल्यावर शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरला आहे. गोळ्या ऑगस्टच्या मध्यापासून सुरू आहेत. थोडे डोके दुखते म्हणते, बाकी काही नाही. मी तिला रात्री नऊची वेळ ठरवून दिली, कारण सकाळची ड्युटी असो वा दुपारची, नऊला ती जागी आणि मोकळी असते. मोबाईलवर गजर लावला आहे. गजराला नाव दिले आहे "पाणी पी", मैत्रिणींनी पाहिले तरी चालेल असे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला गोळ्या संपतील, जानेवारीच्या शेवटी शेवटचा आरएनए.

घरातल्या बाकीच्यांचीही तपासणी झाली. आई, भाऊ निगेटिव्ह. आजीने ताट पुन्हा एकत्र केले. तिची तपासणी बाकी आहे, सुईला घाबरते म्हणून टाळते आहे.